क्षयाचा जंतू आणि घरातला शिधा

एका घराची कल्पना करा. दोन खोल्या, एक खिडकी आणि सहा माणसे. त्यांपैकी वडिलांना क्षय झाला आहे, पण अजून कुणाला ते ठाऊक नाही. दोन महिने ते खोकत आहेत. प्रत्येक खोकल्याबरोबर क्षयाचे जंतू हवेत उडतात आणि तीच हवा घरातली बाकीची पाच माणसे रात्रंदिवस आत घेतात. आता सांगा पाहू, या पाच जणांपैकी किती जणांना क्षय होईल?

'पाचही जणांना' असे उत्तर तुम्ही कदाचित द्याल. पण तसे होत नाही. पुष्कळदा एकालाही होत नाही, कधी एखाद्याला होतो. जंतू मात्र त्यांपैकी कित्येकांच्या फुप्फुसांत शिरलेला असतो. मग हवा तीच, जंतू तोच, घर तेच असताना आजारी एकच का पडतो आणि बाकीचे का सुटतात? या साध्या प्रश्नाचा पाठपुरावा करीत गेलो, तर आपण प्रयोगशाळेतून निघून थेट स्वयंपाकघरातल्या डब्यांपर्यंत येऊन पोचतो. चला, तो प्रवास करू या.

जंतू आणि तटबंदी

क्षय हा फार जुना रोग. 'क्षय' या शब्दाचा अर्थच मुळी झिजणे. रोगी दिवसेंदिवस खंगत जातो, हे जुन्या वैद्यांनी पाहिले होते, म्हणून त्यांनी हे नाव दिले. रोगाचे कारण मात्र सापडले ते २४ मार्च १८८२ या दिवशी. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने त्या दिवशी बर्लिनमध्ये क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. आजही २४ मार्च हा दिवस जगभर क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो.

कॉखच्या शोधानंतर सगळे कोडे सुटले असे वाटले. जंतू आहे म्हणून रोग आहे! पण पुढे निराळीच गोष्ट ध्यानात आली. क्षयाच्या जंतूचा संसर्ग झालेल्या माणसांपैकी साऱ्या आयुष्यात प्रत्यक्ष क्षय होतो तो फक्त शेकडा ५ ते १० जणांना. बाकीच्यांच्या शरीरात जंतू मुकाट्याने पडून राहतो. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांना असा संसर्ग कधी ना कधी झालेला आहे, असा अंदाज आहे.

या जंतूला गप्प कोण बसवते? आपलेच शरीर. जंतू फुप्फुसात शिरला, की तिथल्या भक्षक पेशी त्याला गिळतात. पण हा जंतू मोठा चिवट! त्याच्या अंगावर मेणासारखे जाड आवरण असते आणि गिळल्यानंतरही तो सहजासहजी मरत नाही. मग टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी मदतीला धावून येतात. त्या भक्षक पेशींना अधिक बळ देतात आणि साऱ्या मिळून जंतूंभोवती पेशींची एक गोल तटबंदी उभी करतात. सूक्ष्मदर्शकाखाली ही तटबंदी बारीक गाठीसारखी दिसते. लॅटिन भाषेत बारीक गाठीला 'ट्यूबरक्युलम' म्हणतात आणि त्यावरूनच क्षयाला 'ट्यूबरक्युलोसिस' हे नाव पडले.

पण ही तटबंदी एकदा बांधली आणि काम संपले, असे नसते. तिथे अहोरात्र पहारा ठेवावा लागतो. जुन्या पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या याव्या लागतात. नव्या पेशी तयार व्हायला प्रथिने हवीत, उष्मांक हवेत, लोह, जस्त आणि 'अ' व 'ड' जीवनसत्त्वे हवीत. ही सारी सामग्री येते कुठून? ताटातून!

आता ताटच अर्धे असेल तर काय होईल, याचा विचार करा. उपासमार चालू राहिली की शरीर काटकसर करू लागते. आधी चरबी वापरली जाते, मग स्नायू झिजू लागतात. छातीतल्या हाडामागे असलेली थायमस ही ग्रंथी आक्रसते. टी पेशी तिथेच परिपक्व होत असल्याने त्यांचेही बळ घटते. पहारा ढिला पडतो, तटबंदीला खिंडार पडते आणि वर्षानुवर्षे निपचित पडलेला जंतू पुन्हा वाढू लागतो.

माणूस पुरेसा पोसलेला आहे की नाही, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. वजनाच्या किलोंना उंचीच्या मीटरांच्या वर्गाने भागायचे. येणाऱ्या आकड्याला बी.एम.आय. म्हणतात. प्रौढ माणसात तो १८.५ पेक्षा कमी असला, तर त्याचे वजन कमी आहे असे समजतात. (तुमच्या वयाच्या मुलांसाठी निराळे तक्ते असतात, तेव्हा हे माप स्वतःला लावू नका.) अनेक देशांत केलेल्या पाहण्यांतून असे आढळले आहे, की हा आकडा एकाने उतरला की क्षय होण्याचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो.

डेन्मार्कमधले लोणी

'हे सारे ठीक आहे', तुम्ही म्हणाल, 'पण गरिबांना क्षय होतो तो त्यांची घरे दाटीवाटीची असतात म्हणून. त्यात अन्नाचा वाटा किती, हे कसे ओळखायचे?' शंका अगदी रास्त आहे. गरिबीत सारे एकदमच येते: अपुरी घरे, धूर, अतिश्रम, अर्धपोट जेवण. त्यांतले एकच कारण वेगळे काढून पाहणे अवघड. पण इतिहासात एकदा ते आपोआप वेगळे झाले होते.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. डेन्मार्क हा युरोपातला छोटासा देश तटस्थ राहिला. त्याच्या भूमीवर लढाई झाली नाही, घरे पडली नाहीत. मात्र शेजारच्या लढणाऱ्या देशांना अन्न हवे होते आणि डेन्मार्कमध्ये दूधदुभते, लोणी, मांस, अंडी यांची रेलचेल होती. हा सारा माल जर्मनीकडे आणि इंग्लंडकडे जाऊ लागला. व्यापाऱ्यांना पैसा मिळाला, पण देशातले भाव कडाडले. मजुरांना लोणी आणि मांस परवडेना. याच काळात डेन्मार्कमध्ये क्षयाने होणारे मृत्यू वाढत गेले.

१९१७ साली जर्मनीने पाणबुड्यांचे निर्बंधरहित युद्ध पुकारले. डेन्मार्कची जहाजे अडकली, निर्यात कोसळली आणि देशातले अन्न देशातच राहू लागले. लगेच क्षयाचे मृत्यू उतरू लागले. जर्मनीत मात्र उपासमार चालू होती आणि तिथे हे मृत्यू युद्ध संपेपर्यंत वाढतच राहिले.

डेन्मार्कमधली घरे तीच होती, दाटी तीच होती. क्षयावरचे कोणतेही खरे औषध तेव्हा नव्हते, कारण स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला तो १९४३ साली. बदलले होते ते मुख्यतः ताट. क्नुड फाबर या डॅनिश वैद्यकतज्ज्ञाने १९३८ साली या गोष्टीकडे लक्ष वेधले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. डेन्मार्कमध्ये दुष्काळ पडला नव्हता. अन्न भरपूर पिकत होते. ते मजुराच्या घरी पोचत नव्हते, एवढेच. अशा स्थितीलाच आजचे तज्ज्ञ 'अन्नाची असुरक्षितता' म्हणतात. अन्न देशात असणे एक, ते प्रत्येक घराला परवडणे दुसरे, ते पोषक असणे तिसरे आणि बाराही महिने मिळत राहणे चौथे. या चारांपैकी एकही पाय लंगडा पडला की घर असुरक्षित झाले. दुकानात पोत्यांची थप्पी असूनही शेजारच्या झोपडीत चूल एकच वेळ पेटते, ती यामुळे.

मद्रासचा धडा

आता आपल्या देशाकडे वळू. क्षयाची औषधे आल्यावर एक नवा प्रश्न उभा राहिला. पूर्वी क्षयाचे रोगी आरोग्यधामात ठेवून त्यांना विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार देत. पण भारतात रोगी लाखोंनी, खाटा थोड्या. औषधे घरी राहून घेतली तर चालतील का? हे पाहण्यासाठी मद्रासमध्ये १९५६ साली एक केंद्र उघडण्यात आले. काही रोग्यांना आरोग्यधामात आणि काहींना त्यांच्या घरीच, अशी एकच औषधे वर्षभर देण्यात आली. घरच्यांचे जेवण आरोग्यधामातल्यांपेक्षा पुष्कळ निकृष्ट होते. तरीही तेही जवळजवळ तितकेच बरे झाले! १९५९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर क्षयाच्या उपचाराची रीत बदलली. रोगी घरी राहूनच बरे होऊ लागले.

यातून एक उत्तम गोष्ट सिद्ध झाली, ती म्हणजे औषधे नेमाने घेतली तर गरिबाचाही क्षय बरा होतो. पण त्याबरोबर एक चुकीची समजूतही रुजली. 'मग आहाराला फारसे महत्त्व नाही', असे पुष्कळांना वाटू लागले. मित्रांनो, फरक पाहा. 'झालेला रोग औषधाने बरा होईल का?' हा एक प्रश्न. 'न झालेला रोग होईल की टळेल?' हा अगदी निराळा प्रश्न. मद्रासच्या प्रयोगाने पहिल्याचे उत्तर दिले होते. दुसऱ्याचे उत्तर मिळायला साठ वर्षे जावी लागली.

झारखंडमधला प्रयोग

हे उत्तर मिळाले झारखंडमध्ये. मंगळूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेबरोबर हा प्रयोग केला. गंमत अशी, की ही संस्था म्हणजेच मद्रासचे ते १९५६ चे केंद्र! प्रयोगाला नाव मिळाले 'रेशन्स'. तो २०१९ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला आणि तीन वर्षे चालला.

झारखंडच्या चार जिल्ह्यांतले फुप्फुसाच्या क्षयाचे २,८०० रोगी आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसे त्यात होती. घरच्या माणसांपैकी सुमारे दोन तृतीयांश संथाळ, हो, मुंडा, उरांव, भूमिज अशा आदिवासी समाजांतली होती. झारखंडची शेती बहुतांशी पावसावर आणि भाताच्या एका पिकावर चालते. पीक हाती येण्याआधीचे महिने तिथे ओढगस्तीचे असतात.

रोगी कसे होते? पुरुषांचे सरासरी वजन सुमारे ४३ किलो, बायकांचे सुमारे ३६ किलो! १.६० मीटर उंचीच्या माणसाचे वजन ४३ किलो असेल तर त्याचा बी.एम.आय. किती, ते काढून पाहा. उत्तर १६.८ येईल. दर ५ रोग्यांपैकी ४ हून अधिक जणांचे वजन प्रमाणापेक्षा कमी होते.

सगळ्या रोग्यांना औषधांबरोबर दरमहा तांदूळ, डाळ, दुधाची भुकटी आणि तेल असा १० किलोंचा शिधा देण्यात आला. पण प्रयोगाचा खरा गाभा होता तो घरातल्या बाकीच्या, अजून निरोगी असलेल्या माणसांविषयी. क्षयाच्या २८ केंद्रांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली. एका गटातल्या घरांमध्ये प्रत्येक मोठ्या माणसामागे दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या सहा महिने मिळाल्या. दुसऱ्या गटातल्या घरच्या माणसांचे जेवण नेहमीसारखेच राहिले. विभागणी चिठ्ठ्यांनी का करायची? संशोधकांनी आपल्या मर्जीने घरे निवडली असती, तर नकळत बरी घरे एका बाजूला गेली असती आणि निष्कर्षावर कुणी विश्वास ठेवला नसता.

हा शिधा किती होतो, त्याचा हिशेब करा. ५ किलोंना ३० दिवसांनी भागले की रोजचे सुमारे १६७ ग्रॅम तांदूळ आणि दीड किलो डाळीचे रोजचे ५० ग्रॅम. यातून दिवसाला सुमारे ७५० उष्मांक आणि २३ ग्रॅम प्रथिने मिळतात. म्हणजे मेजवानी नव्हे. दोन मुदी भात आणि वाटीभर वरण!

आता निकाल पाहा. शिधा न मिळालेल्या ४,७२४ माणसांपैकी १२२ जणांना पुढे क्षय झाला. शिधा मिळालेल्या ५,६२१ माणसांपैकी ९६ जणांना झाला. शेकडेवारी काढलीत तर पहिल्या गटात २.६ आणि दुसऱ्या गटात १.७ येईल. नुसत्या या भागाकारावरून क्षय सुमारे ३४ टक्क्यांनी घटलेला दिसतो. प्रत्येक माणसावर किती काळ लक्ष ठेवले होते आणि दोन गटांत मुळात काय फरक होते, तेही हिशेबात धरले की घट ३९ टक्के ठरते. ज्यांच्या थुंकीत जंतू तपासणीने पक्के सापडले, अशा फुप्फुसाच्या क्षयापुरते पाहिले तर ती ४८ टक्के, म्हणजे जवळजवळ निम्मी होती. २०२३ च्या ऑगस्टमध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

एखाद्या नव्या लशीने क्षय इतका घटवला असता, तर केवढा गाजावाजा झाला असता! इथे लस नव्हती. होते ते तांदूळ आणि डाळ.

रोग्यांच्या बाबतीतही एक गोष्ट दिसली. उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले, त्यांना मृत्यूचा धोका ६१ टक्के कमी होता. मात्र इथे जपून विचार करायला हवा. वजन वाढले म्हणून ते वाचले, की मुळात त्यांचा आजार सौम्य होता म्हणून वजनही वाढले? इथे दोन गट चिठ्ठ्यांनी पाडलेले नव्हते, म्हणून या आकड्याला आधीच्या आकड्याइतका पक्का पुरावा म्हणता येणार नाही. विज्ञानाचे आकडे वाचताना हा विवेक नेहमी ठेवावा.

एका घराची भूक, साऱ्या गावाचा आजार

आता तुम्ही विचाराल, 'ज्याच्या घरी अन्न पुरेसे आहे, त्याने याची काळजी का करावी?' याचे उत्तर क्षयाच्या जंतूजवळच आहे. उपचार न घेतलेला एक रोगी वर्षभरात निकटच्या ५ ते १५ जणांना संसर्ग देऊ शकतो. ही माणसे त्याच्या घरातलीच असतील असे नाही. ती एस.टी.त शेजारी बसलेली असतील, एकाच कारखान्यात किंवा शाळेच्या एकाच वर्गात असतील. जंतू शिधापत्रिका पाहून शिरत नाही. भुकेल्या घरात तो लवकर जागा होतो आणि तिथून साऱ्या वस्तीत फिरतो. म्हणूनच एका घरातला क्षय टळला, की त्यापुढची सारी साखळी तुटते.

आणि एक चक्र पाहा. क्षय बहुधा कमावत्या वयाच्या माणसाला गाठतो. तो अंथरुणाला खिळला की मजुरी बुडते. कर्ज काढावे लागते, कोंबड्या-शेळ्या विकाव्या लागतात. थोरल्या मुलीची शाळा सुटते, कारण घरी कुणीतरी हवे. घरातले अन्न आणखी घटते. ताप आलेल्या शरीराला उष्मांक अधिक लागतात, पण भूक मंदावलेली असते. जेवायला घरात कमी आणि घराला धोका मात्र जास्त! म्हणजे भुकेतून आजार आणि आजारातून भूक.

हे चक्र केवळ क्षयापुरते नाही. अर्धपोटी बालकाला गोवर आला किंवा जुलाब लागले, तर ते धडधाकट बालकापेक्षा कितीतरी अधिक दगावते, आणि वाचले तरी आणखी अशक्त होऊन पुढच्या आजाराला बळी पडते. पोषण आणि संसर्ग एकमेकांचे नुकसान कसे वाढवतात, यावर जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ सालीच एक ग्रंथ काढला होता. जगात पाच वर्षांखालच्या मुलांचे जे मृत्यू होतात, त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत कुपोषणाचा हात असतो. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र न्यूमोनिया किंवा अतिसार असे लिहिलेले असते. भूक हा शब्द तिथे सापडत नाही.

मग करायचे काय?

जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. आपल्या सरकारने एप्रिल २०१८ पासून क्षयरुग्णाला उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी दरमहा ५०० रुपये द्यायला सुरुवात केली आणि नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र घरांतल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळण्याचा हक्क आहे. या कायद्यातले धान्य म्हणजे तांदूळ, गहू आणि भरड धान्ये. त्याने पोट भरते, पण टी पेशींना लागणारी प्रथिने नुसत्या भातातून पुरेशी मिळत नाहीत. झारखंडच्या शिध्यात डाळ होती, हे विसरू नका.

खर्चाचा प्रश्न निघेल. प्रयोगातल्या आकड्यांवरून संशोधकांनी हिशेब केला, की ३० घरांना, म्हणजे त्यांतल्या १११ माणसांना सहा महिने शिधा दिला, तर क्षयाचा एक रोगी टळतो. 'एकासाठी एकशे अकरांना?' असे कुणी म्हणेल. पण बाकीचे एकशे दहा जण सहा महिने पोटभर जेवले, ते काय वाया गेले? त्या १११ माणसांत वाढत्या वयाची मुले आहेत, गरोदर स्त्रिया आहेत, शेतावर राबणारे हात आहेत.

एक गैरसमज मात्र होऊ देऊ नका. अन्न हे औषधाच्या ऐवजी नव्हे. 'चांगले खाल्ले की क्षय बरा होईल' असे म्हणून गोळ्या सोडणारा स्वतःलाही फसवतो आणि इतरांनाही धोक्यात घालतो. अर्धवट उपचारांनी जंतू औषधांना दाद देईनासे होतात. त्याचप्रमाणे, पोटभर जेवणाऱ्यालाही क्षय होऊ शकतो. तेव्हा घरात किंवा शेजारी कुणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल, वजन घटत असेल, तर त्याला सरकारी दवाखान्यात तपासणीला जायला सांगा. तपासणी आणि औषधे तिथे फुकट मिळतात. आणि ज्याला क्षय झाला, त्याला टाळू नका. औषध नियमित चालू राहिले, की त्याच्यापासून असलेला धोका झपाट्याने कमी होतो.

शेवटी तुमच्यासाठी एक काम. माणसामागे रोज ५० ग्रॅम डाळ या हिशेबाने तुमच्या घराला महिन्याला किती डाळ लागेल, ते काढा. मग वाण्याच्या दुकानात भाव विचारून तिची किंमत मांडा. नंतर तुमच्या गावात रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला दिवसाची किती मजुरी मिळते आणि महिन्यातले किती दिवस काम मिळते, ते घरच्या मोठ्यांना विचारा. त्याचे कुटुंब पाच माणसांचे धरा आणि तेवढ्या डाळीसाठी त्याला किती दिवस राबावे लागेल, ते पाहा. येणारे उत्तर वहीत लिहून ठेवा. तुमच्या गावाच्या आरोग्याविषयी ते पुष्कळ काही सांगेल.